जिल्हा गटार मंडळाचं रीळ

"जगातले सगळे आवाज दोनच जातींचे. ठेवायचे आणि पुसायचे. तिसरी जात देवाने निर्माणच केलेली नाही," असं मानवेल तुस्कानो यांनी जाहीर केलं. मुंबईच्या एका रेडिओ केंद्रात टेपा कापण्यात, जोडण्यात आणि पुसण्यात ज्यांची एकतीस वर्षं गेली, त्यांच्या साऱ्या हयातीचं सार त्या वाक्यात उतरलं होतं. ते ऐकायला दक्षिण गोलार्धातल्या पॉइंट कुकच्या घराच्या लाँड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, फक्त त्यांची बायको कॅरोलिन हजर होती, आणि तिच्या दोन्ही हातांत ओले बोंबील होते.

"आणि तुझं घोरणं कुठल्या जातीत बसतं?" तिने विचारलं. "बोलतोस काय उभा राहून, तो ट्रे धर."

मानवेलने ट्रे धरला.

बोंबील लाँड्रीत यायला कारण होतं. पूर्वी कॅरोलिन ते मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर वाळत घालायची, वसईला भुईगावात तिची आई घालायची तसे. पण शेजारच्या कॅरेनला त्या वासाने चक्कर आली. तिने आधी चिठ्ठी टाकली, मग केक आणून दिला, आणि केक खाऊन झाल्यावर तक्रार केली. वसईहून वाळवून आणावेत, तर विमानतळावर हातमोजे घातलेल्या एका पोराने ते पुडकं दोन बोटांत धरून, जणू मेलेला उंदीर आहे अशा थाटात, पिंपात टाकलेलं. तेव्हापासून कॅरोलिन जवळच्या वेरिबीच्या दुकानातून गोठवलेले बोंबील आणायची आणि अन्न सुकवायच्या मशीनमध्ये सुकवायची. गोऱ्या लोकांनी ते मशीन सफरचंदाच्या चकत्यांसाठी बनवलं होतं. सफरचंद त्यात कधी गेलंच नाही.

त्या संध्याकाळी वेस्ली आला तो थेट लाँड्रीत. वेस्ली त्यांचा एकुलता एक मुलगा, वय एकोणचाळीस. दोन वर्षांपूर्वी त्याने बँकेतली आयटीची नोकरी सोडली आणि रेकॉर्ड कंपनी काढली. कंपनी म्हणजे तो स्वतः आणि त्याच्या फ्लॅटमधलं एक कपाट. अमेरिकेत चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी तळघरात बसून सिंथेसायझरवर आणि भंगारावर केलेले, कधीच बाहेर न आलेले आवाज शोधायचे आणि त्यांच्या तबकड्या काढायच्या, हा धंदा. नोकरी सोडल्यापासून बापलेकांचं बोलणं दोनच विषयांवर उरलं होतं, वायफाय आणि लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा.

आज मात्र त्याने दोन्ही हातांनी एक चपटा पुठ्ठ्याचा डबा पुढे केला. चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी फादर प्याला धरतात तसा.

"पप्पा, हे बघ. काउंटी ड्रेनेज बोर्ड. ओहायो, नाइन्टीन एटी-वन."

मानवेलने मनातल्या मनात अनुवाद केला. जिल्हा गटार मंडळ.

"दोघंच होते बँडमध्ये. रस आणि ड्वेन. रस एटी-सिक्समध्ये गेला. ड्वेन आता चौऱ्याहत्तरचा आहे, लंग्ज गेलीत. ही टेप त्याच्या माळ्यावर सापडली. नोबडी हॅज हर्ड इट, पप्पा. त्याच्या मरणाआधी रेकॉर्ड काढीन असा शब्द दिलाय मी त्याला. पण टेप चिकट झालीय."

मानवेलने डबा उघडला, रिळाचं टोक अंगठ्याने चाचपलं आणि बोट पॅंटला पुसलं. चाळीस वर्षांची दमट हवा पिऊन टेपेचा लेप, ज्यात आवाज साठतो, तो गुळासारखा झाला होता. अशी टेप मशीनवर चढवली की आधी किंचाळते, मग अडकते, मग लेपच सोडते. तिला मंद आचेवर आठ तास भाजावं लागतं. मग ती एकदा, नशीब असेल तर दोनदा, वाजते. हे वेस्लीने इंटरनेटवर वाचलं होतं. मानवेलने हे हातांनी केलं होतं.

"एकच चान्स आहे," वेस्ली म्हणाला. "सिटीत एक स्टुडिओ आहे, पण... तुझ्याकडे टेप मशीन आहे. तू कर. तुझ्या पद्धतीने कर. फक्त वाया जाऊ देऊ नकोस."

मानवेलने डब्याचं झाकण पुन्हा लावलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबून. दहा वर्षांत पोराने त्याच्या हातात दिलेली पहिली वस्तू, आणि तीही जिल्हा गटार मंडळाची.

"चोपन्न अंश लागतील," तो म्हणाला, आणि दोघांची नजर एकाच वेळी त्या मशीनकडे गेली.

"अजिबात नाही!" कॅरोलिन म्हणाली. "माझ्या खाण्याच्या मशीनमध्ये कुणाची चाळीस वर्षांची घाण घालता?"

"ममा, घाण काय? इट्स हिस्टरी."

"हिस्टरी माझ्या ताटात नको."

"ममा, खरं सांगू? दिस मशीन ऑलरेडी स्टिंक्स."

"बघ, बघ! लहानपणी ह्याच बोंबलाचं कालवण दोन-दोनदा मागून घ्यायचास. आता नाक मुरडतो मेला."

शेवटी तह झाला. सुकलेले बोंबील बाहेर, रीळ आत. दुसरी खेप फ्रीजमध्ये थांबेल, पण शनिवारपर्यंतच. बोंबलाला पासष्ट आणि टेपला चोपन्न, ही खूण कॅरोलिनने मशीनवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवली. न जाणो, उद्या कुणी उलटं करायचा.

पुढे जे घडलं ते समजायला मानवेलचं एक मत माहीत हवं. वेस्लीच्या तबकड्या त्याने ऐकल्या होत्या, म्हणजे त्या वाजत असताना तो खोलीतून बाहेर पडला होता. त्याला त्यांची शिसारी होती. तुंबलेल्या मोरीत कुणी पंप लावावा, पंपाच्या पात्यात चमचा अडकावा आणि मोरीच्या मालकाने दार ठोठावावं, असा तो आवाज. पण ही शिसारी संगीताची नव्हती. ती हलगर्जीपणाची होती. त्याची ठाम समजूत अशी की हे सगळे रेकॉर्ड खराब झालेले आहेत. आत कुठेतरी बिचाऱ्यांचं मूळ गाणं असणार. अमेरिकेत चांगला इंजिनिअर भेटला नाही, म्हणून तसेच नासके विकायला काढले आणि वेस्लीसारख्या भाबड्या पोरांनी ते घेतले. पोराच्या आवडीबद्दल बोलायचं नाही असं कॅरोलिनने बजावलेलं असल्यामुळे ही समजूत दुरुस्त करण्याची संधी कुणाला मिळाली नाही.

गुरुवारी सकाळी त्याने गॅरेजमध्ये टेप वाजवायचं मशीन मांडलं, त्याचं हेड स्पिरिटने पुसलं, भाजून झालेली टेप ओवली आणि संगणकावर ध्वनिमुद्रण सुरू केलं.

घर्रर्रर्र ढण्. घर्रर्रर्र ढण्. घर्रर्रर्र ढण्.

पहिल्या मिनिटाला त्याने भुवया उंचावल्या. पाचव्या मिनिटाला तोंडात कडू पाणी आलं. वारा फिरला की वेरिबीच्या सांडपाण्याच्या तळ्यांवरून जो वास येतो त्याला आवाज असता तर तो असा असता. दहाव्या मिनिटाला वर एक शिट्टी सुरू झाली, दाताच्या डॉक्टरकडची. इकडे टेप लेप सोडत होती. हेडवर तपकिरी थर साचत होता, आणि मशीनमधून पलीकडे जाणारी पट्टी मधूनमधून काचेसारखी पारदर्शक होऊन बाहेर पडत होती. बोंबील, स्पिरिट आणि जळका लेप यांचा मिळून जो दर्प उठला होता, त्यामुळे मानवेलला दोनदा गॅरेजचं शटर उचलून बाहेर जावं लागलं. अंगणात कॅरेन उभी होती. ती आत गेली.

एकोणतीस मिनिटांनी टेप संपली. आणि त्या घर्रर्र-ढण्च्या तळाशी, अगदी तळाशी, मानवेलच्या सरावलेल्या कानाने काहीतरी पकडलं होतं. माणसं बोलत होती.

त्याचे डोळे चमकले. हेच तर त्याचं काम! चौऱ्याऐंशी साली एका साखर कारखान्याच्या उद्घाटनाचं भाषण जनरेटरखाली गाडलं गेलं होतं. तीन दिवस खपून मानवेलने अख्खा मंत्री जनरेटरखालून जिवंत बाहेर काढला होता. भाषण ऐकण्यासारखं नव्हतं हा भाग वेगळा. इंजिनिअरला मत नसतं.

गुरुवार, शुक्रवार तो गॅरेजमधून हलला नाही. तेव्हा ब्लेडने करत होता ते आता माउसने केलं. घर्रर्र काढली. ढण् एकेक करून वेचले, तांदळातले खडे वेचावेत तसे, नऊशे बारा. शिट्टी काढली. खाली दोन पोरांचे आवाज स्वच्छ, ओले, कालचे वाटावेत असे उभे राहिले. मग त्याने एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. रेडिओवर टेपेचा तुटवडा असायचा, काम झालं की कच्चं पुसून रीळ स्टोअरला परत द्यायचं हा दंडक. इथे स्टोअर नव्हतं. पण हाताला ते कुठे ठाऊक. कच्ची फाईल पुसली, आणि संगणकावरची कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली.

टेप सगळ्यांनी मिळून पहिल्यांदाच ऐकायची, म्हणून शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये वेस्लीच्या ओळखीची पाच माणसं जमली. बाहेर चौतीस अंश, आणि पाचही जण काळ्या कपड्यांत. त्यांतला नील मूळचा पुण्याचा, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट आधीपासून माहीत होती. "ह्यांचा फक्त एक लाईव्ह शो झाला होता," तो इतरांना सांगत होता. "अॅक्रनला. चौदा लोक होते." कॅरोलिनने वसईचे मैद्याचे फुगे तळून ठेवले होते. नीलच्या मित्राने त्यात अंडं आहे का विचारलं आणि आहे म्हटल्यावर ताटली अशी सरकवली की कॅरोलिनने ती उचलून आत नेली, ती परत आणलीच नाही.

वाजवून झाल्यावर रीळ पुन्हा लाँड्रीतल्या मशीनमध्ये ठेवलेलं होतं. बाहेरच्या हवेने पुन्हा चिकट होईल म्हणून वेस्लीने हलवू दिलं नव्हतं. सगळे रांगेने दर्शनाला गेले. एकाने नाक जवळ नेलं.

"व्वा. दॅट्स द बाइंडर ब्रेकिंग डाउन," तो सुटत्या लेपाच्या वासाबद्दल हळूच म्हणाला.

"ते बोंबील आहेत," कॅरोलिन म्हणाली. पण मराठीत म्हणाली.

लॅपटॉपच्या पडद्यावर ड्वेन होता. नाकात नळी, मागे लाकडी भिंत. तिकडे ओहायोत अजून शुक्रवारच होता. वेस्लीने छोटंसं भाषण केलं. "माझ्या वडिलांनी ट्रान्सफर केलंय," तो म्हणाला, आणि 'माझ्या वडिलांनी' म्हणताना त्याने मानवेलकडे पाहिलं. मानवेलने विजारीची इस्त्री नीट केली आणि बटण दाबलं.

सगळ्यांनी डोळे मिटले.

"चालू आहे का?" एका पोराचा आवाज.

"लाल दिवा लागलाय."

"मग खोकू नकोस."

एक खोकला. मग शांतता. खुर्ची करकरली.

"तू काही खाल्लंस का?"

"सीरियल."

पुन्हा शांतता, भलीमोठी. चौथ्या मिनिटाला नीलने डोळे न उघडता मान डोलावली. नवव्या मिनिटाला त्याने एक डोळा उघडला. "वेस, इंट्रो किती आहे रे?"

"किती वेळ चालू ठेवायचं?" टेपवरचा पोरगा म्हणाला.

"टेप संपेपर्यंत," दुसरा म्हणाला.

आणि मग वरून, जिन्याच्या दारातून असावा, एका बाईचा खणखणीत आवाज आला. "माझ्या वॉशिंग मशीनमध्ये विटा कुणी घातल्या? ड्वेन! मला चादरी धुवायच्यात! आत्ताच्या आत्ता रिकामं करा ते!"

वेस्लीने फाईल थांबवली.

"पप्पा. म्युझिक कुठेय?"

"कुठलं म्युझिक?"

"द नॉइज, पप्पा. द मशीन."

"ते होय!" मानवेल म्हणाला. आवाजातला अभिमान लपत नव्हता. "काढलं मी. काय चिवट होतं रे! एकोणतीस मिनिटं क्षणभर थांबलं नाही. नऊशे बारा ठोके वेचले हातांनी. पण पोरं बघ कशी स्वच्छ आलीत."

नीलने दुसराही डोळा उघडला.

"रॉ फाईल?" वेस्लीने विचारलं.

"पुसली. काम झालं की कच्चं..." मानवेलने वाक्य पूर्ण केलं नाही. पोराचा चेहरा बघून त्याला सगळं एकदम कळलं. मोरी, पंप, चमचा, दार ठोठावणारा मालक. तेच गाणं होतं.

वेस्ली लाँड्रीत गेला, मशीनमधलं रीळ उजेडाला धरलं आणि तसंच परत ठेवलं. लेप झडलेल्या रिळातून पलीकडची भिंत दिसत होती. परत येऊन तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. फ्रीज उघडल्यावर आत झुरळ दिसावं, तसं त्याने बापाकडे पाहिलं.

मानवेलने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांना स्पिरिटचा आणि बोंबलाचा वास येत होता, नखांत तपकिरी लेप भरला होता. दोन माणसांचं अख्खं काम त्या नखांत होतं. हे काही फादरपुढे कबुली देऊन, तीन 'नमो मरिया' म्हणून सुटणारं पाप नव्हतं. त्याला आयुष्यात कित्येक गोष्टींची किळस आली होती, स्वतःच्या हातांची कधी आली नव्हती.

"डिस्गस्टिंग," नील म्हणाला. तो आणि त्याचा मित्र उठून गेले. शटर वर जाताना बाहेर कॅरेनचे पाय दिसले.

वेस्लीने पडद्यावरच्या ड्वेनला इंग्रजीत सगळं सांगितलं.

"रसने सात विटा निवडल्या होत्या," ड्वेन म्हणाला. "महिनाभर हिंडून. प्रत्येकीचा ठोका वेगळा होता. आम्ही आयुष्यात एवढीच एक गोष्ट धड केली होती, मिस्टर टस्कानो, आणि तुम्ही ती पुसून टाकलीत. मला उलटी येतेय."

"मलाही," मानवेल म्हणाला. त्याचं इंग्रजी अशा वेळी आखूड व्हायचं. "माफ करा."

"ते पुन्हा लावा."

"काय?"

"ते. विटांचं."

मानवेलने लावलं. माझ्या वॉशिंग मशीनमध्ये विटा कुणी घातल्या. ड्वेनने आणखी एकदा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्याने तोंडावर हात ठेवला, आणि तो खोकतोय का हसतोय ते कळेना.

"माझी आई. दिवसभर ओरडायची," तो म्हणाला. "ती गप्प झाली की मगच आम्ही टेप चालू करायचो. त्या दिवशी ती मध्येच आली, तर रस म्हणाला, टेप खराब केली बुढीने. बरं झालं आवाजाखाली दबली, म्हणाला." त्याने श्वास घेतला. "तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही."

वेस्ली भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"किड," ड्वेन त्याला म्हणाला, "रेकॉर्डच्या एका बाजूला हे घाल. दुसऱ्या बाजूला... विटा आहेत माझ्याकडे. तिचं मशीनही आहे, कुणी न्यायला तयार नाही. जे पुसलं ते नव्हे, पण आवाज करून पाठवतो. टेपवर. आणि ती टेप ह्या माणसाच्या हाती द्यायची नाही."

मानवेलने मान हलवली. बरोबरच होतं.

भिंतीकडेच बघत वेस्ली म्हणाला, "नाही. पप्पाच वाजवेल." आणि वळून, "पण ऐक. काहीही काढायचं नाही. घुमणारा हम नाही, फुसफुसणारा हिस नाही. ऐकतोयस?"

"खोकला आला तर?"

"खोकलासुद्धा ठेवायचा."

म्हणजे आणखी एकोणतीस मिनिटं. घर्रर्रर्र ढण्, शिट्टीसकट, अथपासून इतिपर्यंत, आणि कर्सरला हात न लावता. पण पोराने 'पप्पाच' म्हटलं होतं, आणि पाच माणसांतली तीन अजून बसून होती, आणि ओहायोत एक म्हातारा नळीतून श्वास घेत वाट बघत होता. एकतीस वर्षं इंजिनिअरला मत नसतं असं तो म्हणत आला होता. ते सिद्ध करायची वेळ आता आली होती. त्याने छाती भरून श्वास घेतला, तो बोंबलाचा निघाला, आणि म्हणाला, "ठेवीन. सगळं ठेवीन."

लाँड्रीचं दार उघडलं. कॅरोलिन दारात उभी होती, हातात ट्रे.

"झालं ना तुमचं?" ती म्हणाली. "मग ते मशीन रिकामं करून दे. बोंबील सकाळपासून सिंकमध्ये पडलेत."